समास सोडला नाही

एकशे दहा संच. प्रत्येकी बेचाळीस कागद, पाठपोट.
भांडुपला, टेंभीपाड्याच्या रात्रशाळेत
बाकांवर गठ्ठे, अजून कोमट,
झेरॉक्सचा वास तापल्या इस्त्रीसारखा.
फंडात शिल्लक आठशे अकरा रुपये.

स्पायरलवाला म्हणाला, तीस.
मग म्हणाला, अठ्ठावीस, बाई, शाळा आहे म्हणून.
स्टेपलरची पिन दहाव्या कागदापाशी गुडघे टेकते.
भोकं पाडून नाडी ओवायची, तर ते मागल्या वर्षी झालं:
दिवाळीपर्यंत क्रियापदं निखळली,
इम्तियाजच्या टेम्पोत विभक्तीचं एक पान
काचेवरची धूळ पुसायला निघालं.
पुसून झाल्यावर त्यानं ते परत आणून दिलं,
घडी घालून.

शिपाई धाकू चिंदरकर चहाचे ग्लास गोळा करताना थांबला.
आधी अकरा वर्षं तो दफ्तरी होता,
फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत,
लोकांचे तंटे लाल दोऱ्यानं शिवायचा
आणि एकही वाचायचा नाही.
दुसऱ्या दिवशी दाभण घेऊन आला.
मैदा एक किलो, खळीसाठी.
खळीत चिमूटभर मोरचूद, झुरळांना चव लागू नये म्हणून.
दोऱ्याची दोन रिळं, आणि ती मेणबत्तीवरून ओढून घ्यायची.
खाकी कागद.
पुठ्ठा विकत घ्यायचा नाही:
मिठाईवाल्याची खोकी, जुनी कॅलेंडरं,
कुणाच्या तरी साडीच्या खोक्याचं झाकण.

दोन फळ्यांत गठ्ठा, वर वीट.
तीन भोकं.
मधल्यातून खाली, वरच्यातून वर,
लांब उडी तिसऱ्यात, पुन्हा मधल्यातून वर,
आणि गाठ त्या लांब टाक्याला कवेत घेऊन.
माझ्या अंगठ्याला फोड आला.
जयवंती पापडाच्या कारखान्यातून थेट यायची,
तिची बोटं आमच्या सगळ्यांपेक्षा वेगानं चालली.
तासाला नऊ संच तिचे,
माझे चार.

चाळिसाव्या संचावर धाकूनं पान उलटलं
आणि पहिल्यांदाच वाचल्यासारखं पाहिलं.
"बाई, समास खंय आसा?"

मी म्हटलं, आहे ना, पान बावीसपासून,
द्वंद्व, तत्पुरुष, बहुव्रीही, सगळे आहेत.
तो हसला नाही.
कागदाच्या डाव्या कडेवरून त्यानं नख फिरवलं.
तिथे, जिथे दीड बोट कोरं असायला हवं,
अक्षरं अगदी काठावर येऊन उभी होती,
आणि शिवण त्यांच्यावरून गेली होती.

कागद वाचवायला मीच सांगितलं होतं
झेरॉक्सवाल्याला, कडेपर्यंत घे.

वीस वर्षं शिकवते आहे:
समास म्हणजे जवळ ठेवणं, एकत्र करणं.
दुसरा समास, जो आधी सोडावा लागतो,
तो मला कुणी शिकवला नव्हता.
"ऱ्हवांदे," धाकू म्हणाला, आणि एकेचाळिसावा ओढला.

वर्गात जयवंतीनं मोठ्यानं वाचलं:
"भाकर, म्हणजे मीठ आणि भाकर."
पुढची ओळ: "वडील, म्हणजे..."
ती थांबली. पुठ्ठा मागे मोडून
शिवणीत डोकावली, विहिरीत डोकवावं तशी.
"बाई, आई आत आहे.
थोडीशी दिसते. वेलांटी."

मग सगळा वर्गच पुठ्ठे मोडायला लागला.
इम्तियाजला मीठ सापडलं.
मागच्या बाकावरचा वॉचमन, जो कधी बोलत नसे,
म्हणाला, माझ्यात तर दोघीही नाहीत,
माझा टाका खोल गेलाय.
तो संच मी शिवला होता.
त्या दिवशी विग्रह इतका नीट झाला
की घंटा झाल्यावरही कुणी उठेना.
संचांच्या पाठी मात्र फुटल्या,
रविवारी पुन्हा खळ करावी लागली.

हिशेबाच्या वहीत लिहिलं:
एकूण साडेचारशे. एका संचाला चार रुपये नऊ पैसे.
रविवारची खळ घरच्या मैद्याची, ती धरली नाही.
धाकूच्या नावापुढे रक्कम टाकायला गेले
तर त्यानं दाभण खिशात घातलं,
ग्लास उचलले,
आणि जाता जाता एवढंच विचारलं
की तो षष्ठी तत्पुरुष म्हणजे कोण.